आक्कासाठी काढलेलं पत्रक

आमच्या नाटकातली मुख्य भूमिका जिनं उभी केली, तिनं ती प्रेक्षकांसमोर एकदाही केली नाही. तिला ती करायची होती. मिळण्यासारखीही होती. ती भूमिका तिच्या हातची गेली त्याला आमचे दिग्दर्शक जबाबदार आहेत, संस्था जबाबदार आहे, असं मी बरेच दिवस भेटेल त्याला सांगत फिरले. त्यातलं पुष्कळसं खरं आहे. जे सांगितलं नाही ते इथं लिहिते.

मी प्रॉम्प्टर होते. विंगेत रंगाचा डबा उलटा टाकून त्यावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात लाल जिलेटिन गुंडाळलेली छोटी बॅटरी. नट अडला की पुढचे दोन शब्द द्यायचे, तेही नुसत्या श्वासावर. तिसरा शब्द दिला की नट चिडतो, आणि तो थांबलेला असताना तुम्ही शब्द दिलात तर प्रयोगानंतर सगळ्यांसमोर तुमचा उद्धार होतो. तो विसरलाय की थांबलाय, हे ओळखणं म्हणजेच ते काम. मला अभिनय करायचा नव्हता, नाटक लिहायचं होतं. आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, ते कॉलेजात मराठी शिकवायचे. ते म्हणाले, "आधी दोन वर्षं विंगेत बस. नाटक तिथून कळतं." मी बसले. तिथून नाटकापेक्षा माणसंच जास्त कळली.

मी वाढले ती पत्रकांच्या घरात. माझे वडील वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. कामगारांची, वस्तीच्या नळाची, जयंतीची, शाळेत पोरांना मागं बसवतात म्हणून हेडमास्तरांच्या निषेधाची. वाटून उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना असायची. मला अक्षरओळख 'कमळ' आणि 'गवत'नं झाली नाही, 'जाहीर निषेध' आणि 'आवाहन' या शब्दांनी झाली. वडील म्हणायचे, बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं हातात राहतं. आमच्या घरात कुणाला काही मागायचं झालं तर मुद्दे काढावे लागत. सहलीला जायची परवानगीसुद्धा मी एकदा चार मुद्द्यांत मागितली होती आणि वडिलांनी तिसऱ्या मुद्द्यातली भाषा सुधारून ती मंजूर केली होती. मला या घराचा अभिमान होता. अजून आहे, पण आता त्याला एक तडा गेलेला आहे.

नाटक सरांनीच लिहिलेलं होतं. गावच्या गायरानाला कुंपण पडतं, मेंढरं चारायला जागा उरत नाही, नवरा शहराची वाट धरतो आणि एक मेंढपाळ बाई कळप घेऊन त्या कुंपणापाशी बसून राहते. ही बाई करणार होत्या संस्थेतल्या एक अनुभवी नटी. बँकेत नोकरीला, त्यामुळं सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. तालमी जुन्या शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. बाकं भिंतीला लावायची, फरशीवर खडूनं कुंपण आखायचं आणि सहाला सुरुवात करायची. मॅडम आठपर्यंत येत नसत.

आक्का आली ती कपडे घेऊन. शहागंजात चाचांच्या शिलाईच्या दुकानात ती फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. आमचे कपडे त्या दुकानात दिले होते आणि मापाला म्हणून ती हॉलवर आली. चाळिशीची, उंच, रापलेली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, माहेर-सासर दोन्ही फुलंब्रीकडचं. नवरा गेल्यावर शहरात आलेली. मॅडमनी नेसलेलं लुगडं बघून ती आधी गप्प बसली. मग तिला राहवलं नाही.

"असं नेसून मेंढरामागं पळाल ना बाई, तर बाभळीला अडकून तिथंच ऱ्हाल."

सगळे हसले. तिनं मॅडमना लुगडं नेसवून दाखवलं आणि जायचं सोडून कोपऱ्यात बसून तालीम बघू लागली. नवरा गाव सोडून निघतो तो प्रवेश चालला होता. सरांनी बाईला तिथं सहा ओळी दिल्या होत्या. "आवं धनी, काळीज तुटतंया माझं," अशी त्यांची सुरुवात होती.

"हे कंच्या गावचं बोलणं हाये सर?" आक्कानं विचारलं.

"का हो?"

"न्हाई, आमच्याकडं कुणी बोलत नाय असं. पिक्चरमधी बोलत्यात."

सर हसले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. "मग तुमच्याकडची बाई काय म्हणेल?"

आक्कानं थोडा विचार केला. "काहीच नाय म्हणणार. भाकरी बांधून देईल. चाल्लेल्या माणसाला काय बोलायचं?"

त्या सहा ओळी गेल्या आणि भाकरी बांधणं आलं. पुढं नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी नेमकी हीच जागा दाखवून लेखकाचं कौतुक केलं.

सरांनी तिला रोज यायला सांगितलं. हौशी नाटकात एक पद्धत असते, प्रॉक्सीची. ज्याची भूमिका आहे तो आला नसेल तर त्याच्या जागी दुसरं कुणीतरी संहिता हातात धरून उभं राहतं, ओळी वाचतं, म्हणजे बाकीच्यांचं अडत नाही. खरा नट आला की प्रॉक्सीनं बाजूला व्हायचं. मॅडम यायच्या आधीचे दोन तास आक्का प्रॉक्सी उभी राहू लागली. चार महिने. त्या बाईचं चालणं, कळपाला हाळी घालणं, कुंपणापाशी एक गुडघा वर घेऊन बसणं, सगळं आधी आक्काच्या अंगावर बसलं. मॅडम आल्या की सर म्हणायचे, "आक्का, जरा करून दाखवा हो यांना," आणि मॅडम ते उचलायच्या. चांगलं उचलायच्या. पण आक्का कुंपणापाशी बसली की हॉलमधला गलका आपोआप थांबायचा. प्रकाशयोजना करणारा मुलगासुद्धा मोबाईल खाली ठेवायचा.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. माझ्याकडून पानांची गल्लत झाली होती. पहिल्या अंकाची पानं मी तिच्या हातात दिली आणि तालीम दुसऱ्या अंकाची होती. पानाकडं बघत तिनं दुसऱ्या अंकाच्या ओळी म्हटल्या. एकही चूक नाही. आदल्या दिवशी मॅडमच्या तोंडून ऐकलेल्या होत्या. चहाच्या वेळी मी तिच्याजवळ गेले आणि काही बोलायच्या आतच तिनं ओळखलं.

"कळलं का तुला?"

"हो."

"मंग तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. इथं समदी शिकलेली मान्सं हायती."

मी म्हटलं, "आक्का, यात लाज कसली? व्यवस्थेनं तुम्हाला शिकू दिलं नाही. लाज व्यवस्थेला वाटायला पाहिजे."

"व्यवस्थेला वाटंल तव्हा वाटंल. आता मला वाटू राह्यली ना."

मी कबूल केलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी साडेपाचलाच येऊ लागलो. शाळेच्या पायरीवर बसून मी तिला वाचून दाखवायचे. एकदा ऐकलं की तिला अर्थ लागायचा, दुसऱ्यांदा ऐकलं की पाठ. महिन्याभरात तिला तिचीच काय, सगळ्यांची भाषणं येत होती. नवऱ्याचं काम करणारा एकदा अडला तर मी श्वास घ्यायच्या आत तिनंच त्याला शब्द दिला आणि वर म्हणाली, "नवरा इसरला तर बायकुनंच सांगायचं असतंय." माझी नोकरी जाणार, असं सगळे चिडवू लागले. ती हसायची तेव्हा दुकानातली बाई वाटायची नाही.

स्पर्धेला बारा दिवस उरले असताना मॅडमना मालिकेत काम मिळालं आणि त्या मुंबईला निघून गेल्या. सरांनी तालीम थांबवून सगळ्यांना बसवलं. आक्का मागं टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होती.

प्रकाशयोजनेचा मुलगा सरळ म्हणाला, "सर, आक्का आहेत की."

"आक्का आहेतच," सर म्हणाले. "आक्कांशिवाय हे नाटक झालंच नसतं, हे मी कुठंही सांगेन. पण एक लक्षात घ्या. अभिनय म्हणजे स्वतःपासून लांब जाणं. आक्का लांब जातच नाहीत. त्या तशाच आहेत. तालमीत ते सुंदर दिसतं. समोर आठशे माणसं आणि तीन परीक्षक बसले की असं माणूस गांगरतं. ती जोखीम मी तीस जणांच्या मेहनतीवर घेऊ शकत नाही." मग मागं वळून, "आक्का, तुम्ही समजून घ्याल."

"व्हय सर," आक्का म्हणाली. इस्त्री चालूच होती.

"उद्यापासून विद्यापीठाच्या नाट्यशास्त्राची एक मुलगी येतेय. तिला तुम्हीच तयार करायचं."

गायरानावरून हुसकलेल्या बाईचं नाटक करणारी तीस माणसं त्या हॉलमध्ये होती. एकाच्याही लक्षात आलं नाही की आपण आत्ता काय केलं. मीही त्या वेळी काही बोलले नाही. माझ्या डोक्यात मुद्दे तयार व्हायला लागले होते आणि मुद्दे तयार होत असताना मला बोलता येत नाही.

त्या दिवशी मी आक्काबरोबर शहागंजच्या दिशेनं चालत निघाले. बाजार अजून उघडा होता, हातगाड्यांमधून वाट काढत ती पुढं आणि मी मागं. एका भांड्यांच्या दुकानापाशी ती थांबली.

"मला इचारलं का कुणी?"

"तुम्हाला करायचंय ते काम?"

"मंग? चार महिने कशाला येऊ राह्यले मी? इस्तरी करायला?" तिचा आवाज चढला. भांडीवाल्यानं वर बघितलं. ती बाजूला झाली आणि हळू बोलू लागली. "पाठ हाये म्हणून नाय म्हणत मी. त्या कुंपणापाशी बसले ना, की मला कळतं मी काय करू राह्यले. दिवसभरात दुसरीकडं कुठं कळत नाय. मला एकदा लोकांम्होरं करायचंय. एकदाच. मंग करू दे की त्या पोरीला."

"मी बोलते सरांशी."

"बोल. तुझं ऐकत्यात ते. पर हळू बोल. एकल्याला गाठ. चारचौघांत बोललीस तर त्यांना नाय म्हणावंच लागंल." तिनं माझा दंड धरला. "बोलशील ना?"

मी हो म्हटलं.

मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सर हॉलवर माझ्या आधी आले होते, एकटे होते, खडूनं कुंपण आखत होते. मी दारात उभी राहिले आणि मला वाटलं, हे असं कोपऱ्यात गाठून विचारणं म्हणजे भीक. तिचा हक्क आहे आणि मी तो कानात कुजबुजून मागू? कानात कुजबुजायचं काम मी रोज करतेच. मी आत गेले, डबा उलटा टाकला आणि बसले. आजही मला वाटतं, त्या पाच मिनिटांत मी "सर, आक्कांना एक प्रयोग करू द्या ना" एवढंच म्हटलं असतं, तर ते कदाचित हो म्हणाले असते. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त कुणी एकट्यात विचारायला हवं होतं, हे आक्काला कळलं होतं आणि मला पटलं नव्हतं.

घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'पडद्यामागच्या श्रमांची चोरी थांबवा!' खाली: रंगकर्मी बंधू-भगिनींनो, ज्या नाटकात भूमिहीन मेंढपाळांची व्यथा मांडली जाते, त्याच नाटकाच्या तालमीत एका मेंढपाळ स्त्रीची भाषा, तिचं शरीर, तिचा अनुभव लुटला जातो. शिलाईकाम करून पोट भरणारी ही स्त्री निरक्षर आहे. जिला एक अक्षर वाचता येत नाही तिनं संपूर्ण नाटक मुखोद्गत केलं. असं बरंच. चांगलं झालं होतं. लिहिताना माझे कान तापले होते आणि मी खोटा एक शब्द लिहिला नव्हता.

वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "हे अक्षर न वाचता येण्याचं खाली कशाला ठेवलंस? वर घे, मथळ्याखाली, जाड ठशात. वाचणारा तिथं थांबतो." मी वर घेतलं. आम्हा दोघांपैकी एकालाही दुसरं काही सुचलं नाही. आक्काला दिलेला शब्द माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला उत्तर दिलं की हे तिच्याचसाठी चाललंय.

पिवळ्या कागदावर पन्नास प्रती काढल्या. रविवारी सकाळची तालीम होती. मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत दिली, एक दारावर चिकटवली, ग्रुपवर टाकली आणि ओळखीच्या एका पत्रकारालाही पाठवली. आक्का आली तेव्हा तिच्याही हातात दिली. तिनं घडी न घालता पिशवीत ठेवली.

सर उभ्यानं वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट दुमडला. ते ओरडतील म्हणून माझी तयारी होती. ओरडले नाहीत. म्हणाले, "छान लिहिलंस. गद्य चांगलं आहे तुझं." मग आक्काकडं वळले आणि खरोखरच काळजीनं विचारलं, "आक्का, वाचता येत नाही हे आम्हाला बोलला का नाहीत? आम्ही काही केलं असतं."

तीस माणसं वळून आक्काकडं बघू लागली. विद्यापीठातून आलेली मुलगी, जी गेले दोन दिवस तिच्याकडून बसायला शिकत होती, ती पटकन खाली बघू लागली. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी तिला हसून मान हलवली, घाबरू नका अशा अर्थानं. एवढी मूर्ख होते मी.

मंगळवारच्या पेपरात आतल्या पानावर बातमी आली. त्या दिवशी सर तालमीला हसत आले. "ठरलं. आक्काच करणार. मी चुकलो होतो, हे सगळ्यांसमोर कबूल करतो. दोन पेपरवाल्यांचे फोन आले. परवा फोटो काढायला येताहेत. आक्का, वाचता येत नसताना तुम्ही पाठ कसं करता ते त्यांना जरा दाखवायचं." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. सगळ्यात जोरात.

"नाय सर," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"मला जमायचं नाय. पोरगी ब्येस करू राह्यली. तिलाच द्या."

"अहो, पण तुमच्याचसाठी एवढं..."

तिनं लुगड्यांच्या घड्या टेबलावर एकावर एक रचल्या, वर टाचण्यांची डबी ठेवली आणि निघाली. मी मागं धावले. शाळेच्या पटांगणात तिला गाठलं.

"आक्का, अहो जिंकलो ना आपण!"

"कोण आपण?"

ती थांबली आणि माझ्याकडं वळली.

"मी तुला बोल म्हणलं व्हतं. छाप म्हणलं व्हतं का?"

"पण मी तुमच्या बाजूनंच लिहिलंय. एक शब्द खोटा नाही त्यात."

"खोटं हाये असं कुठं म्हणू राह्यले मी? समदं खरं हाये. काल चाचानं तुझा कागद दुकानात मोठ्यानं वाचला. खुशीत वाचू राह्यला बिचारा, हमारी बाई का नाम हुआ म्हून. चार गिऱ्हाइकं बसलेली. अन् त्यो शबूद आला तसा त्योच थांबला." तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. "त्या हॉलात मला कुणी कधी इचारलं नाय, तू कुणाची, किती शिकली. मी तिथं बसले की ती मेंढरामागची बाई व्हायची अन् तुम्ही समदे गप बघायचे. आता बसले तर काय बघतील? अडाणी बाईला पाठ कसं झालं ते बघतील. जत्रंत दोन तोंडाचं वासरू बघत्यात तसं. तसलं नाय करायचं मला."

"आक्का, लोक काय म्हणतात ते..."

"तू बोलूच नको आता," ती म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली. तिथं रिक्षा, गाड्या, सुटलेल्या शिकवणीची पोरं. तिच्या उंचीमुळं ती बराच वेळ दिसत राहिली.

प्रयोग झाला. मी सोडून गेले नाही, हेही लिहायलाच हवं. राजीनामा लिहिला होता, त्याचेही मुद्दे काढले होते, पण संहितेवरच्या पेन्सिलीच्या खुणा फक्त मलाच वाचता येत होत्या आणि मुलगी नवी होती, म्हणून मी गेले आणि विंगेत बसले. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. मुलगी चांगली होती. एक गुडघा वर घेऊन कुंपणापाशी बसली तेव्हा मी मान वर केली नाही. पुस्तकात बघत राहिले. भाकरी बांधली तेव्हा प्रेक्षागृहातून तो आवाज आला, लोक एकदम श्वास धरतात तो. मला त्या रात्री एकही शब्द द्यावा लागला नाही.

आम्हाला बक्षिसं मिळाली. लेखनाचं, दिग्दर्शनाचं आणि मुलीला अभिनयाचं. सत्काराच्या भाषणात सर म्हणाले की या नाटकासाठी त्यांनी मेंढपाळ समाजाच्या बोलीचा जवळून अभ्यास केला. त्यांनी आक्काचा उल्लेखही केला, 'आमच्या एक निरक्षर भगिनी' असा. म्हणजे माझाच शब्द. सभागृहात टाळ्या झाल्या. खाली उतरून मुलगी माझ्यापाशी आली आणि मेडल मुठीत दाबून म्हणाली, "ताई, मी हे त्यांना नेऊन देऊ का?" मी म्हटलं, "देऊ नकोस. त्या काय करतील त्याचं?" हे तरी मला तोवर कळलं होतं.

या सगळ्यावर मी पत्रक काढलं नाही. वडिलांनी विचारलं, एवढा अन्याय झाला आणि गप्प का? मी म्हटलं, मुद्दे सुचत नाहीत. त्यांना ते पटलं नाही. आमच्या घरात असं आजवर कुणाचं झालेलं नव्हतं.

आक्काकडं जायला मला पाच महिने लागले. दुकान अरुंद आहे, पुढं चाचांचं कापायचं टेबल आणि मागं दोन मशिनं. चाचांनी मला ओळखलं. "आओ बेटा. बाई, वो तुम्हारी लिखनेवाली आई है." आक्कानं मान वर केली. रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बस," ती म्हणाली. मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. मी माफी पाठ करून आले होते. ती सुरू करायच्या आतच तिनं विचारलं, "त्यो कागद हाये का गं तुझ्याकडं?"

"मोबाईलमध्ये आहे."

"वाच. चाचानं अडखळत वाचला, निम्मा मला कळलाच नाय. माझ्यावर लिव्हलेलं अन् मीच ऐकलं नाय."

मी वाचू लागले. शाळेच्या पायरीवर वाचायचे तशीच, तिच्या शेजारी बसून. मथळा वाचला. मग ती जाड ठशातली ओळ. तिथं माझा आवाज खाली गेला तर ती म्हणाली, "मोठ्यानं वाच, चाचाला ठाव हाये." मी वाचत गेले. श्रम, शोषण, भाषेची लूट, सांस्कृतिक मक्तेदारी. शेजारच्या मशिनवरची बाई पाय थांबवून ऐकत होती. मला माझीच वाक्यं लांब वाटू लागली, काही ठिकाणी तर श्वास पुरला नाही. 'आपली नम्र' पर्यंत आले आणि थांबले.

आक्का सुईत दोरा ओवत होती. "सपलं?"

"हो."

"मला ते काम करायचं व्हतं, हे कुठं हाये?"

मी मोबाईल वर सरकवला. पहिल्यापासून पुन्हा नजर फिरवली, मग पत्रकाच्या मागच्या बाजूचा फोटो उघडून बघितला. तिची भाषा होती, तिचं शरीर होतं, तिचा समाज, तिची शिलाई, तिला न येणारी अक्षरं, सगळं होतं.

"नाही लिहिलं," मी म्हणाले.

"तेवढंच तर सांगितलं व्हतं तुला," आक्का म्हणाली. एक गिऱ्हाईक साडी घेऊन पायरीवर उभं होतं. तिनं हात पुढं करून साडी घेतली, काठ उलटा करून बघितला आणि कधी पाहिजे म्हणून विचारलं.